आज फुकट, उद्या रोख

२०११ च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरात दोन डेव्हलपरांना ॲमेझॉनकडून एक ईमेल आली. रसेल इव्हानोविक आणि फिलिप सिम्पसन ही त्यांची नावं आणि ‘शिफ्टी जेली’ ही त्यांची चिमुकली कंपनी. पॉडकास्ट ऐकण्यासाठी त्यांनी ‘पॉकेट कास्ट्स’ नावाचं ॲप बनवलं होतं आणि ते विकून पोट भरत होते. ॲमेझॉनचं ॲप-दुकान तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचं होतं. २२ मार्चला ते उघडलं आणि पहिल्याच दिवशी ‘अँग्री बर्ड्स रिओ’ फुकट वाटण्यात आलं. त्यानंतर रोज एक विकाऊ ॲप एका दिवसापुरतं फुकट, असा रिवाजच पडला. आता पॉकेट कास्ट्सचा नंबर लागणार होता.

जाहीर करारात एक आश्वासक कलम होतं. विक्रीच्या किमतीचे ७० टक्के किंवा छापील किमतीचे २० टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती डेव्हलपरला मिळणार. म्हणजे दुकानदाराने स्वतःहून माल फुकट वाटला, तरी बनवणाऱ्याच्या पदरात निदान पाचवा हिस्सा पडावा. ईमेलमधली विनंती नेमकी याच्या उलट होती: त्या एका दिवसापुरता तुमचा वाटा शून्य, बदल्यात दुकानाच्या दर्शनी भागात जागा. दोघांनी बराच विचार केला आणि होकार दिला.

त्या दिवशी १,०१,४९१ जणांनी ॲप उतरवून घेतलं. जाहीर करार लागू असता तर या आकड्याचे ५४,८०० डॉलर झाले असते. प्रत्यक्षात एक सेंटही मिळाला नाही. मिळाल्या त्या मदत मागणाऱ्या ईमेल, आणि एवढ्या लोकांचे पॉडकास्ट सांभाळायला नवे सर्व्हर घ्यावे लागले ते वेगळंच. थोड्याच दिवसांत विक्री होती तिथे परत आली. ऑगस्टमध्ये त्यांनी सगळी हकिगत आकड्यांसकट जाहीर केली आणि ॲप त्या दुकानातून काढून घेतलं. आपण डोळे उघडे ठेवून होकार दिला होता, हेही त्यांनी लपवलं नाही. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजण्याची मराठी म्हण त्यांना माहीत असण्याचं कारण नाही. पण या हिशेबाला ती चपखल बसते.

धोक्याची घंटा त्याआधीच वाजली होती. एप्रिल २०११ मध्ये गेम बनवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आयजीडीएने, ॲमेझॉनच्या अटींबद्दल जाहीर पत्र काढलं होतं. ॲपलच्या आणि गूगलच्या दुकानात किंमत डेव्हलपर ठरवत असे; ॲमेझॉनने तो अधिकार स्वतःकडे ठेवला होता, आणि संघटनेचा आक्षेप मुख्यतः त्यावर होता. तरीही अँड्रॉइडवाले डेव्हलपर तिकडे वळत होते, कारण गूगलच्या दुकानात एक दिवस फुकट देण्याची सोयच नव्हती. तिथे ॲपची किंमत एकदा शून्य केली की तेच ॲप पुन्हा विकायला काढता येत नसे. सवलतीत थेट शून्यापर्यंत उतरण्याची आणि मुदत संपताच मूळ किमतीवर परतण्याची वाट गूगलने बऱ्याच नंतर मोकळी केली.

सॉफ्टवेअर फुकट देऊन गिऱ्हाईक जोडण्याची रीत मोबाइलपेक्षा खूप जुनी. १९८२ च्या सुमारास अमेरिकेत अँड्र्यू फ्लुगलमनने ‘पीसी-टॉक’ आणि जिम नॉफने ‘पीसी-फाइल’ हे प्रोग्रॅम लोकांनी एकमेकांना बिनधास्त वाटावेत म्हणून सोडले आणि आवडल्यास पैसे पाठवा, असं सुचवलं. शेअरवेअर म्हणून ही पद्धत पुढे रूढ झाली. डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ या गेमचा पहिला भाग असाच फुकट फिरला. पुढचे भाग हवे असतील तर पैसे मोजा. हा आवळा देऊन कोहळा काढण्याचा सरळ व्यवहार होता. त्यात थोडंसं कायमचं फुकट असे आणि उरलेलं नेहमी विकत. एका दिवसासाठी सगळंच्या सगळं वाटून टाकायचं, ही कल्पना त्यात कुठे नव्हती. ती जन्माला घातली ॲपलच्या दुकानातल्या क्रमवारीने.

१० जुलै २००८ ला ॲपलचं दुकान उघडलं तेव्हा त्यात सुमारे ५०० ॲप होती. किमतीतले ३० टक्के ॲपलचे, ७० टक्के डेव्हलपरचे. काही महिन्यांतच ॲपची संख्या हजारांत गेली आणि फोनच्या तेवढ्याशा पडद्यावर दिसायचं कसं, हा खरा प्रश्न झाला. दिसायला हक्काची जागा एकच: सर्वाधिक डाउनलोडची यादी. अशा याद्या दोन होत्या, एक विकाऊ ॲपची आणि एक फुकट ॲपची. यादीत वर असलेलं ॲप दिसत असे, दिसे म्हणून खपत असे आणि खपे म्हणून वरच राहत असे. खाली राहिलेल्याला कुणी विचारत नसे. मोठ्या कंपन्या जाहिरातींवर पैसा ओतून वर चढत. एकांड्या शिलेदाराकडे ओतायला एकच गोष्ट होती, स्वतःचा माल.

ईथन निकोलस हा सन मायक्रोसिस्टिम्समध्ये नोकरी करणारा प्रोग्रॅमर. तान्ह्या मुलाला एका हातावर घेऊन त्याने रात्री जागत ‘आयशूट’ नावाचा रणगाड्यांचा गेम लिहिला. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये तो बाजारात आला, थोडा खपला आणि मागे पडला. जानेवारी २००९ मध्ये निकोलसने त्याची ‘आयशूट लाइट’ ही छोटी आवृत्ती फुकट सोडली. फुकटवाल्या यादीत ती वर गेली, आणि तिच्यातल्या जाहिरातीतून लोक मूळ गेमकडे वळले. विकाऊ यादीत आयशूट पहिल्या क्रमांकावर पोहोचला. एका दिवसात ३७,००० डॉलर मिळाले त्या दिवशी निकोलसने नोकरी सोडली. एका महिन्याची कमाई ६ लाख डॉलरच्या घरात गेल्याच्या बातम्या झळकल्या आणि जगभरच्या प्रोग्रॅमरांची झोप उडाली.

पण लाइट आवृत्ती म्हणजे दोन ॲप सांभाळणं, प्रत्येक सुधारणा दोनदा करणं. मग सोपी युक्ती निघाली. मूळ ॲपचीच किंमत दोन-चार दिवस शून्य करायची, फुकट यादीत उसळी मारायची आणि पुन्हा ९९ सेंट लावायचे. २००९ आणि २०१० या दोन वर्षांत या युक्तीभोवती एक छोटा बाजारच उभा राहिला. किमतींवर नजर ठेवणारी ॲप निघाली, ‘फ्री ॲप अ डे’सारख्या सेवा निघाल्या. २०१० मध्ये ‘ओपनफेंट’ने रोज एक गेम फुकट द्यायला सुरुवात केली. जेसन सिट्रनची ही कंपनी पुढच्याच वर्षी जपानच्या ‘ग्री’ने १० कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली. (सिट्रनने नंतर ‘डिस्कॉर्ड’ काढलं.) काही मध्यस्थ तर डेव्हलपरचं ॲप फुकट वाटण्याबद्दल उलट डेव्हलपरकडूनच पैसे घेत. माल तुमचा, किंमत शून्य आणि वर दलाली!

आणि याचा फायदा किती? उसळी खरी होती. एका दिवसात वर्षभराइतके डाउनलोड होत. पण दोन याद्या वेगळ्या असल्याचा तोटा दुसऱ्या दिवशी कळे. किंमत पुन्हा लावताच ॲप फुकट यादीतून बाहेर पडे, आणि विकाऊ यादीत जी काही जागा पूर्वी कमावलेली असे तीही फुकटच्या दिवसांत हातची गेलेली असे. कमाई व्हायची ती तोंडी प्रसिद्धीतून. ज्याने फुकट घेतलं त्याने मित्राला दाखवलं आणि त्या मित्राने विकत घेतलं, तर. दोघांनी मिळून खेळायच्या गेमला हे साधत असे. चलन बदलून देणाऱ्या किंवा टिपणं ठेवणाऱ्या ॲपला सहसा साधत नसे, कारण ते कुणी कुणाला कौतुकाने दाखवत नाही.

रेटिंगची कथा तर आणखी कडू. नोव्हेंबर २००८ च्या आवृत्तीपासून आयफोनवर ॲप काढून टाकताना फोन विचारत असे: जाता जाता किती तारे देता? फुकट मिळालं म्हणून घेतलेलं, एकदा उघडून कंटाळा आलेलं ॲप माणूस काढून टाकी आणि हाताला लागेल तो एक तारा ठोकून मोकळा होई. ज्याला ॲप आवडलं, तो ते काढतच नसे, म्हणून त्याला हा प्रश्न कधी विचारलाच जात नसे. फुकटच्या एका दिवसानंतर एकताऱ्यांचा असा पाऊस पडे की चांगल्या ॲपची सरासरी घसरे. २०१० मध्ये आयओएस ४ आलं, तेव्हा ॲपलने तो प्रश्न काढून टाकला.

१५ ऑक्टोबर २००९ ही या सगळ्या इतिहासातली, माझ्या मते, सर्वांत महत्त्वाची तारीख. त्या दिवशी ॲपलने फुकट ॲपच्या आत खरेदीची परवानगी दिली. तोवर ॲपमधली खरेदी फक्त आधीच विकत घेतलेल्या ॲपमध्ये चाले. आता फुकट आलेलं गिऱ्हाईक आत शिरल्यावरही खिशात हात घालू शकणार होतं. फुकटचा दिवस डेव्हलपरच्या कामी येतो का, या प्रश्नाचं उत्तरच त्यामुळे दुभंगलं: आत गल्ला असलेल्या ॲपसाठी एक आणि नसलेल्यासाठी दुसरं.

याचा धडधडीत पुरावा म्हणजे ‘टेंपल रन’. कीथ शेफर्ड आणि नतालिया लकियानोवा या नवरा-बायकोच्या ‘इमँगी स्टुडिओज’ने चित्रकार किरिल चँगोव्हला सोबत घेऊन तो बनवला. ४ ऑगस्ट २०११ ला तो ९९ सेंटना विक्रीस आला. सुरुवात बरी झाली, मग विक्री उतरणीला लागली. सप्टेंबरमध्ये त्यांनी किंमत शून्य केली. पण गेममध्ये नाणी होती, नाण्यांनी घ्यायच्या वस्तू होत्या आणि खऱ्या पैशांनी नाणी विकत घेता येत होती. फुकट खेळणाऱ्यांतले थोडेच पैसे देत. पण खेळणारे इतके वाढले की ते थोडेही पुष्कळ झाले. परतीचा विचार कुणी केलाच नाही. २७ मार्च २०१२ ला गेम अँड्रॉइडवर आला आणि तीन दिवसांत १० लाख फोनांवर पोहोचला. २०१४ च्या जूनपर्यंत ही मालिका १०० कोटी डाउनलोडच्या पार गेली होती. भारतात त्या दोन-तीन वर्षांत आईबापांच्या फोनची बॅटरी संपवण्याचं श्रेय बरंचसं याच गेमकडे जातं. ‘जेटपॅक जॉयराइड’ बनवणाऱ्या ब्रिस्बेनच्या हाफब्रिकनेही त्याच सुमारास आपला गेम फुकट केला आणि तसाच ठेवला.

नेमकी उलटी परीक्षा घेतली मार्को आर्मेंटने. ‘टंबलर’मधून बाहेर पडून तो ‘इन्स्टापेपर’ हे लेख जपून ठेवणारं ॲप एकटाच चालवत होता. त्याची एक विकाऊ आणि एक फुकट अशा दोन आवृत्त्या होत्या. त्याने फुकट आवृत्ती आधी थोडे दिवस आणि मग मार्च २०११ मध्ये महिनाभर दुकानातून काढून ठेवली. विकाऊ आवृत्तीची विक्री पडली नाही, उलट किंचित वाढली. फुकट वापरणारे सर्व्हरचा खर्च वाढवत, तक्रारी जास्त करत, तारे कमी देत आणि त्यांच्यातले फार थोडे पुढे विकत घेत, असा त्याचा अनुभव. फुकट आवृत्ती त्याने परत आणलीच नाही. इन्स्टापेपरच्या आत त्या काळी गल्ला नव्हता आणि प्रत्येक वापरणाऱ्यामागे दरमहा खर्च होता. शिफ्टी जेलीचं दुखणं हेच. फक्त आर्मेंटने ते आकडे मांडून आधी ओळखलं.

मध्यस्थांचा शेवट मात्र एका झटक्यात झाला. पॅरिसचा सिमाँ दॉला २००८ पासून ‘ॲपग्रातिस’ चालवत होता: रोज एक ॲप, फुकट किंवा सवलतीत. २०१३ च्या आरंभी त्याच्याकडे सुमारे १ कोटी २० लाख वापरणारे होते आणि नुकतंच १ कोटी ३५ लाख डॉलरचं भांडवल आलं होतं. ॲपग्रातिसने सुचवलेलं ॲप त्या दिवशी देशोदेशींच्या याद्यांत वर जाई, इतकी त्याची ताकद. एप्रिल २०१३ मध्ये ॲपलने ते दुकानातून काढून टाकलं. दुसऱ्यांच्या ॲपची प्रसिद्धी करणारी, आमच्या दुकानासारखी दिसणारी ॲप चालणार नाहीत, हा नियम त्यासाठी दाखवण्यात आला. फ्रान्सच्या तेव्हाच्या डिजिटल अर्थव्यवहार मंत्री फ्लर पेलरँ स्वतः ॲपग्रातिसच्या कार्यालयात गेल्या आणि ॲपलवर जाहीर टीका करून आल्या. उपयोग झाला नाही. तीच मंडळी पुढे ‘बॅच’ नावाने नोटिफिकेशन पाठवण्याच्या धंद्यात उतरली.

ॲपलचा राग फुकट वाटण्यावर नव्हता, ते दुसऱ्या कुणी ठरवण्यावर होता. मे २०१२ पासून ॲपल स्वतःच दर आठवड्याला एक ॲप फुकट देऊ लागलं होतं. पहिला मान ‘कट द रोप: एक्स्पेरिमेंट्स’चा. जुलै २०१३ मध्ये दुकानाला पाच वर्षं झाली तेव्हा दहा नामांकित ॲप काही दिवस मोफत होती. आंद्रेआस इलिगर या एकट्या जर्मन माणसाने बनवलेला ‘टायनी विंग्ज’ त्यात होता, फिनलंडच्या दोघांचा, तीनच महिन्यांपूर्वी आलेला ‘बॅडलँड’ही होता. दुकानदारानेच दर्शनी भागात मांडलेला माल आणि कोपऱ्यातल्या डेव्हलपरने स्वतःहून शून्य केलेली किंमत, यांत जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्यात नाव होतं, वर्तमानपत्रांत छापून येतं. सप्टेंबर २०१७ मध्ये आयओएस ११ बरोबर दुकानाची मांडणी बदलली आणि आठवड्याचं फुकट ॲपही बंद झालं.

एव्हाना खरेदीदाराची सवयच बदलली होती. ‘फ्लरी’ या संस्थेने २०१३ मध्ये मोजलं तेव्हा वापरात असलेल्या आयफोन ॲपपैकी ९० टक्के फुकट होती. लंडनच्या ‘अस्टू’ने २०१४ मध्ये ‘मॉन्युमेंट व्हॅली’ हा देखणा गेम ३.९९ डॉलरना विकला, पुढे त्याला जोडलेल्या नव्या भागासाठी १.९९ डॉलर मागितले, तर काहींनी पैसे मागितल्याबद्दल एकेक तारा दिला. अँड्रॉइडवरच्या आपल्या गेमपैकी जेमतेम ५ टक्के प्रती विकत घेतलेल्या आहेत, असं अस्टूने जानेवारी २०१५ मध्ये सांगितलं. तरी पहिल्या वर्षाची मिळकत ५८ लाख डॉलर होती, हेही नोंदवायला हवं. भारतात गूगलने जुलै २०१५ मध्ये विकाऊ ॲपची किमान किंमत ५० रुपयांवरून १० रुपयांवर आणली. ज्या बाजारात रोज काही ना काही फुकटच मिळतं, तिथे एक दिवसाच्या फुकटाची नवलाई ती काय राहणार?

२०१५ च्या ऑगस्टमध्ये ॲमेझॉननेही रोजचं फुकट ॲप गुंडाळलं आणि ‘अंडरग्राउंड’ सुरू केलं. त्यात ॲप गिऱ्हाइकाला पूर्ण फुकट, ॲमेझॉन मात्र डेव्हलपरला वापराच्या मिनिटाला ०.००२ डॉलर देणार. तासन् तास खेळायच्या गेमला हे परवडलं असेल. दिवसातून एकदा उघडायच्या उपयोगी ॲपला यातून काय मिळणार? २०१९ पर्यंत ही योजनाही संपली. त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये, पॉकेट कास्ट्स कायमचं फुकट झालं. तेव्हा ते अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओ संस्थांच्या मालकीचं झालेलं होतं आणि जादा सोयींसाठी वर्गणी ठेवलेली होती. आठ वर्षांपूर्वी एका दिवसात आलेल्या लाखभर लोकांसाठी ॲपच्या आत जी जागा नव्हती, ती आता होती.

फुकटाचे पैसे डेव्हलपरला रोख देण्याचा प्रकार मोठ्या प्रमाणावर दिसला तो संगणकावरच्या गेममध्ये. एपिक कंपनीने डिसेंबर २०१८ पासून आपल्या दुकानात गेम फुकट वाटायला सुरुवात केली. ॲपलविरुद्धच्या खटल्यात २०२१ मध्ये बाहेर आलेल्या कागदांनुसार पहिल्या नऊ महिन्यांत ३८ गेमसाठी एपिकने १ कोटी १६ लाख डॉलर मोजले आणि सुमारे ५० लाख नवी खाती मिळवली. गेम बनवणाऱ्याला ठरलेली रक्कम आधी, मग वाटप. इथे फुकट देण्यातला फायदा कुणाचा हे कुणी लपवत नाही: गिऱ्हाईक दुकानाला मिळतं, म्हणून बिलही दुकान भरतं. २०११ मध्ये ॲमेझॉनला नवीन दुकानासाठी गिऱ्हाईकच हवं होतं. फक्त बिल ॲडलेडला गेलं.

मोबाइलवर हे येता येता युरोपात एक अजब वळण लागलं. मार्च २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या कायद्यामुळे ॲपलला बाहेरची दुकानं मान्य करावी लागली. पण नव्या अटी स्वीकारणाऱ्यांवर त्याने शुल्क बसवलं: वर्षाला पहिले १० लाख सोडून पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे अर्धा युरो. ॲपची किंमत शून्य असली तरी. ब्रुसेल्समधल्या एका चर्चेत राइली टेस्टट या डेव्हलपरने ॲपलच्या प्रतिनिधीला आपलंच उदाहरण दिलं. शाळेत असताना त्याने बनवलेलं एक फुकट ॲप १ कोटीहून जास्त वेळा उतरवलं गेलं होतं. नव्या हिशेबाने त्याच्या घरच्यांना सुमारे ५० लाख युरोंचं बिल आलं असतं. मे महिन्यात ॲपलने अजिबात कमाई नसलेल्यांना आणि काही अटींवर छोट्या डेव्हलपरांना सूट दिली. जानेवारी २०२५ मध्ये एपिकने मोबाइलवरही गेम फुकट द्यायला सुरुवात केली तेव्हा पहिला होता ‘डंजन ऑफ द एंडलेस: अपोजी’. सहभागी डेव्हलपरांचं ॲपलचं ते अर्ध्या युरोचं शुल्क वर्षभर आपण भरू, असं एपिकला त्याच घोषणेत सांगावं लागलं.